पाच लिंबे

तांब्याच्या पेल्यावर 'कै. वामन सदाशिव' एवढी अक्षरे उठली होती. सिंधूने पेला मांडीत फिरवला, आडनावाला जागा पुरेल का ते अंगठ्याने पाहिले आणि पुन्हा छिन्नी टेकवली. तेवढ्यात आतून तिची आई म्हणाली, "तारमास्तर म्हणजे देवमाणूस, ताई. अशी माणसं राहत नाहीत. आणि आमच्या पदरात पडला तो खोटारडा. तोही गेला म्हणा. पण जाताना खोटंच बोलून गेला." भाजी निवडता निवडता बोलावे तशी ती हे बोलली. उंबऱ्याशी पाटावर बसलेल्या द्वारकेच्या हातात पाण्याचे भांडे होते. ते तिने हळूच खाली ठेवले. 

तारमास्तर म्हणजे द्वारकेचे वडील; त्यांना जाऊन बारा दिवस झाले होते. उद्या तेरावा. दानाची भांडी बाजारातून आणू, नावे घालायची काय गरज, असे चुलतभाऊ म्हणाला होता, पण द्वारकेला नाव हवे होते. पुण्याला मुलींच्या शाळेत ती इंग्रजी शिकवत असे, तिने पुष्कळ वाचले होते, आत्मा आणि पिंड यांच्याविषयी तिला फारसे काही वाटत नव्हते. तरी उद्या ज्या भांड्याने कोणी परका माणूस पाणी पिईल त्याच्यावर आपल्या वडिलांचे नाव असावे, एवढी एक गोष्ट तिला फार महत्त्वाची वाटू लागली होती. भांडी घेतली त्या दुकानदाराने सांगितले, "आळीच्या टोकाला जा. चिमाजी तांबटाचं घर विचारा. त्याची पोरगी नावं घालते, हात सुबक आहे तिचा." चिमाजी हे नाव ऐकल्यावर तिने परत फिरायला हवे होते. गेली तेरा वर्षे सुट्टीत नाशकाला आली की ती तांबट आळीला वळसा घालून जात असे. लांबचा रस्ता का, असे वडिलांनी एकदाही विचारले नव्हते. आज मात्र भांड्यांची पिशवी हातात घेऊन ती सरळ आळीत शिरली, आणि आपण का जात आहोत हे तिने स्वतःला विचारले नाही.

आळीत दोन्ही बाजूंना हातोडे चालले होते. इतरांच्या कानांना तो नुसता गलका. द्वारकेला कोणताही ठोका नुसता ऐकता येत नसे. नळाचे टपकणे असो की शेजारणीचे धुणे, तिच्या कानात शिरता शिरताच त्याचे आखूड आणि लांब असे तुकडे पडत, तुकड्यांची अक्षरे होऊ पाहत, आणि बहुतेक वेळा त्यांतून काहीच निष्पन्न होत नसे. वडिलांनी तारेची ती भाषा तिला जेवताना वाटीवर चमचा वाजवून शिकवली होती. आई रागवायची, अन्नापुढे वाजवू नये म्हणायची. वडील हसून चमचा ठेवत आणि पाटाच्या कडेवर बोटाने उरलेले वाक्य पुरे करत. तिला ताप आला की ते तिच्या पाठीवर तसेच काहीतरी वाजवत बसत आणि ती अर्धवट झोपेत ओळखायची: डी, डब्ल्यू, ए. तिचेच नाव. शेवटच्या आजारात त्यांची वाचा गेली, उजव्या हाताचे एक बोट तेवढे हलत राहिले. चुलतभाऊ म्हणाला कंप आहे. द्वारकेने जवळ बसून ऐकले. ते नाशिकच्या तारऑफिसाची खूण वाजवत होते, जी तारेवर पलीकडच्याला हाक मारताना आधी वाजवायची असते. वाजवायचे, थांबायचे, पुन्हा वाजवायचे. तिने त्यांच्या तळव्यावर उत्तर दिले: ऐकते आहे. बोट थांबले. आता ते बोलतील, आता ती गोष्ट बाहेर येईल, या भीतीने आणि आशेने ती रात्रंदिवस बसून राहिली. त्यांनी काही सांगितले नाही. पलीकडे कोणीतरी आहे एवढे कळल्यावर ते गाढ झोपी गेले, आणि तिसऱ्या दिवशी गेले.

"आई, पुरे," सिंधू म्हणाली. तिचे कपाळ मोकळे होते आणि वय विशीच्या आसपास. "त्यांच्या घरी दुःख, आणि तुझं रामायण कशाला?"

"माझं कुठलं रामायण?" ठमाबाई दाराशी येऊन बसल्या. एका डोळ्यात फूल पडलेले, दुसरा मात्र धारदार. "रामानं निदान बायकोचं ऐकलं होतं. हरीण हवं म्हणाली तर हरणामागे गेला. आमच्या रामाला मी पंजा सांगितला, आणि हा बाबा अठ्ठा लावून आला."

"तुम्ही पंजा सांगितला?" द्वारकेने विचारले. आपला आवाज शाळेत विचारावा तसा स्वच्छ आला, याचे तिला आश्चर्य वाटले.

"स्वप्न पडलं होतं, ताई. गंगेत पाच घागरी उभ्या तरंगतायत. घागर कधी उभी तरंगते? मी पहाटे उठून सांगितलं त्याला. त्या वेळी सगळी आळीच वेडी झाली होती आकड्यापायी. कोणाला साप दिसला तर त्याचा आकडा, कोणाकडे प्रेत गेलं तर त्याचा आकडा. मी कधी बोलले नव्हते, पण त्या दिवशी बोलले. म्हटलं, लावायचाच असेल तर आज पंजा लाव, आणि मग हात धुऊन टाक. शपथ घेतली त्यानं माझ्या गळ्याची. सावकाराचा पत्रा घरात पडला होता, घागरी करायला दिलेला. तो विकला आणि गेला. आणि संध्याकाळी कळलं, पंजाच आला. पंजाच आला, ताई! मी दारात साखर घेऊन उभी. आणि हा मान खाली घालून आला."

साखर घेऊन उभी. द्वारकेला हे माहीत नव्हते. बाकी सगळे माहीत होते. तिला त्या दिवसाचे ऊनसुद्धा माहीत होते. अमेरिकेत कापसाचा भाव फुटे, तो मुंबईला येई, आणि त्या भावाचा शेवटचा आकडा मुंबईहून तारेने नाशकाच्या पेढीवर येई. शून्य ते नऊ, कोणताही एक. त्यावर लोक पैसे लावत, आणि तार पेढीवर पोचली की घेणे बंद होई. अमेरिका कुठे आहे हे त्या पेढीसमोर जमणाऱ्या तांबटांना, हमालांना, टांगेवाल्यांना ठाऊक नव्हते. तो आकडा आभाळातून पडतो अशीच त्यांची समजूत होती, म्हणून तर ते आभाळाकडे बघत, स्वप्ने बघत. हवालदार यायचा, पेढीच्या पायरीवर बसून विडा खायचा आणि जायचा. द्वारका तेव्हा बारा वर्षांची. दुपारी ती वडिलांचा डबा घेऊन तारऑफिसात जाई, आणि निघताना वडील सांगत, "द्वारके, जाताना नवसाबाईकडून तीन लिंबं घे." कधी सात, कधी एक. कधी म्हणत, "आज लिंबं नकोत, भाव विचारून ये नुसता." नवसाबाई पेढीच्या पायरीखालीच मिरच्या-लिंबे घेऊन बसे आणि तिचा आवाज असा की गंगेपलीकडे जावा. "मास्तरांच्या पोरीला तीन लिंबं!" ती ओरडायची. घरी लिंबांचा ढीग व्हायचा. आईने लोणच्याच्या बरण्यांवर बरण्या भरल्या, सरबते केली, शेजारी वाटली, शेवटी म्हणाली, "अहो, या पोरीला कोणी लिंबं मोजायला ठेवलंय का?"  लिंबे घेऊन झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी शिपाई तार घेऊन पेढीवर जाई.

आठवडाभर तिने पेढीच्या फळ्यावरचा आकडा आणि परकराच्या ओच्यातली लिंबे पडताळून पाहिली, आणि मग तिला कळले. कळल्यावर तिला पहिल्यांदा जे वाटले ते तिला आजही नेमके आठवत होते. अभिमान वाटला. वडिलांनी आपल्यावर एवढे मोठे काम सोपवले आहे, आणि आपण ते न चुकता करतो. मग बऱ्याच दिवसांनी भीती आली, लाज तर आणखी उशिरा, पुण्याच्या वसतिगृहात एक जाड इंग्रजी कादंबरी वाचताना. ती कादंबरी वडिलांनीच पाठवली होती. तारमास्तराच्या पगारात मुलीचे वसतिगृह आणि दर महिन्याची पुस्तके कशी बसतात, हे तिने कधी विचारले नाही आणि वडिलांना ते तिला कधी सांगावे लागले नाही. एकदाच, ती अठरा वर्षांची असताना, कशावरून तरी विषय निघून वडील म्हणाले होते, "मी तारेतलं अक्षर कधी बदललं नाही, द्वारके. जशी आली तशी दिली. जरा उशिरा दिली, इतकंच." आणि चष्मा पुसायला घेतला होता. तिला त्यांचा राग आला नव्हता. ते किती थकलेले दिसतात, एवढेच मनात आले होते.

"मग? काय म्हणाले ते?" तिने विचारले. विचारायची गरज नव्हती.

"काय म्हणणार! म्हणे, पंजा घेतलाच नाही त्यांनी. बंद झाला म्हणाले. ऐका, ताई! पैसे घेऊन गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि दुकानदार म्हणतो, नको? बायको म्हणजे शेणाचा पो वाटली काय? मी या दारात उभी राहून, सगळी आळी ऐकत होती, सगळ्यांच्या देखत म्हणाले, खोटारड्या, माझा शब्द पायाखाली घालून गेलास आणि वर थापा मारतोस? लोक हसले. तो काही बोलला नाही. चार दिवसांनी सावकार आला, ऐरण नेली, हातोडे नेले. ही छिन्नी पोरीच्या हातात होती खेळायला, ती राहिली. मग हा मालेगावला गेला, सुताचे गठ्ठे वाहायला. मी म्हटलं, जा. जेवून जा, एवढंही म्हणाले नाही. वर्षाच्या आत गेला. कादरभाई म्हणून विणकर होता कोणी, त्यानं कार्ड टाकलं, तेही महिन्यानं हाती पडलं." त्यांनी पदराने धारदार डोळा पुसला, फूल पडलेला तसाच राहू दिला. "हिचं लग्न बारा वर्षांची असताना लावून टाकलं, म्हाताऱ्याशी. दुसरं कोण करणार होतं? सगळं भोगून झालं, ताई. त्याचं एवढं काही वाटत नाही. पण त्यानं माझं ऐकलं नाही. एकदा बोलले जन्मात, तेही ऐकलं नाही."

समोरच्या घरात घागरीचा काठ वळवत होते. ठोके आखूड पडत होते, सारखे आखूड, आणि त्यांची कोणतीही अक्षरे होत नव्हती. द्वारकेच्या मनात आले, आता उठावे. सिंधूला तिची मजुरी द्यावी, भांडी पिशवीत भरावी, घरी काम पडले आहे म्हणावे. ते खोटेही नव्हते. उद्या घरात पन्नास-साठ माणसे येतील. वडिलांनी कोणाच्या मुलाच्या नोकरीचा अर्ज लिहून दिला, कोणाच्या मृत्यूची तार स्वतः पायी जाऊन दिली, बसवून पाणी पाजून मग वाचून दाखवली, हे सगळे सांगतील. ते सगळे खरे आहे. ती तार पायी नेणारा माणूस आणि पेढीची तार दहा मिनिटे दाबून ठेवणारा माणूस एकच होता, आणि ती दोघांचीही मुलगी होती. एकाला उघडे पाडल्याशिवाय ठमाबाईंना त्यांचा नवरा परत देता येणार नव्हता. वडील आता काही बोलू शकत नव्हते. बोलू शकत होते तेव्हाही बोलले नव्हते. तिला वाटले, मेलेल्या माणसाच्या वतीने गप्प राहणे सोपे असते, ते प्रेमासारखे दिसते.

आणि तरी, ती जे सांगायचे म्हणत होती ते अर्धेच होते, हेही तिला ठाऊक होते. त्या दुपारी ती लिंबे घेऊन लगेच घरी गेली नव्हती. ओच्यात पाच लिंबे धरून ती पेढीपाशी उभी राहिली होती, कारण आकडा लागताना बघायला तिला आवडू लागले होते. चिमाजी धावत आला. उंच, हात कोपरापर्यंत काळे. "पंजा," तो म्हणाला, आणि पैशांची पुरचुंडी गादीवर टाकली. "पंजा भरला, बंद," पेढीवरचा म्हणाला. "भरला कसा? मघाशी तर घेत होता." "मघाशी मघाशी होतं. सत्ता घे, अठ्ठा घे, नाहीतर बाजूला हो." चिमाजी उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून घाम ओघळत होता. "पंजाच घ्या हो, शेठ, घरातून सांगून पाठवलंय," तो म्हणाला, आणि लोक हसले. त्याने परत जायला हवे होते. तो जवळजवळ निघाला होता. मग त्याची नजर तिच्यावर पडली. लेकराच्या तोंडून देव बोलतो, असे मानणारे ते लोक. कोणतेही पोर दिसले की आकडा विचारायचे. "तारमास्तरांची ना तू?" तो खाली वाकून म्हणाला. "शाळेत जातेस. सांग बाळ एक आकडा. मनात येईल तो." तिच्या मनात पाच होते. तिच्या ओच्यातही तेच होते, आणि त्याच्या वासाने तिचे हात भरले होते. पाच म्हटले तर कळेल. काय कळेल, कोणाला कळेल, याचा विचार बारा वर्षांच्या डोक्यात पुरा झाला नाही. "माहीत नाही" म्हणता आले असते. "आठ," ती म्हणाली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. शिपाई तार घेऊन आला, फळ्यावर पाच लिहिले गेले, तेव्हा चिमाजीने तिच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. "घरी जा पोरी," तो म्हणाला, "ऊन लागेल."

"ठमाबाई," द्वारका म्हणाली, "ते खोटं बोलले नव्हते."

सिंधूची छिन्नी थांबली.

"कोण?"

"तुमचे यजमान. त्यांनी पंजाच मागितला होता. मी तिथे उभी होते, मी ऐकलं. पेढीवाल्याने घेतला नाही. कारण त्याला आकडा आधी कळला होता." तिने एक श्वास घेतला. "माझ्या वडिलांनी कळवला होता. ते रोज कळवत. तार नंतर पाठवत. मीच निरोप नेत असे."

आपण हे इतक्या थोड्या शब्दांत सांगू शकू असे तिला वाटले नव्हते. तेरा वर्षे तिने ते मोठे, अवघड, अनेक परिच्छेदांचे समजले होते. ठमाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मास्तरांचा उल्लेख त्यांच्या कानापर्यंत पोचलाच नसावा. "काय म्हणाला तो?" त्यांनी विचारले. "नीट सांगा. नेमकं काय म्हणाला?"

"पंजाच घ्या हो, शेठ, घरातून सांगून पाठवलंय."

"घरातून म्हणाला?"

"हो."

"लोकांत म्हणाला? सगळ्यांच्या देखत?"

"हो. लोक हसले."

ठमाबाईंनी दोन्ही हात जमिनीला टेकले. रडतील असे द्वारकेला वाटले, पण त्या रडल्या नाहीत. चेहऱ्यावर काहीतरी सैल झाले, आणि क्षणभर त्या एखाद्या नव्या सुनेसारख्या दिसल्या. "बघ सिंधे," त्या म्हणाल्या, "बापानं तुझ्या ऐकलं होतं माझं."  सिंधू द्वारकेकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत आईसारखा आनंद नव्हता. मग ठमाबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्या हिशेबी बाई होत्या, सूत तुटले की टोक शोधणाऱ्या. "पण मग परत का नाही आला? पंजा नाही तर नाही. पैसे हातात होते. अठ्ठा कशाला लावला? कुठून आणला त्यानं अठ्ठा?"

इथे थांबता येत होते. कोण जाणे, असे म्हटले तरी आधीचे सगळे खरेच राहिले असते.

"मी सांगितला," द्वारका म्हणाली. "त्यांनी मला आकडा विचारला, लहान पोर म्हणून. पाच येणार हे मला माहीत होतं. मी आठ म्हणाले."

समोरच्या घरातला हातोडा चालूच होता.  ठमाबाई बोलल्या तेव्हा त्यांच्या बोलण्यातून ताई आणि तुम्ही गेले होते.

"तू," त्या म्हणाल्या. "चार रात्री मी त्याला विचारलं. अठ्ठा कुणी घातला तुझ्या डोक्यात? म्हटलं, नाव सांग, मी जाऊन त्याच्या दारात बसते. शेवटपर्यंत एकच सांगितलं त्यानं. कुणी नाही, माझ्याच मनात आला."

द्वारकेने उंबऱ्याशी ठेवलेले भांडे बाजूला सरकवले. 

"उद्या तेरावा ना तुमच्याकडे? माणसं येतील?"

"येतील."

"मग मी येते. मी त्याला आळीसमोर खोटारडा म्हणाले, ते आता घरात बसून मागे घेता येत नाही. तू सांग तिथं. मला सांगितलंस तसंच, सगळं. मी नुसती उभी राहीन."

"आई," सिंधू म्हणाली, "अगं, त्यांच्या बापाचा तेरावा आहे."

"आणि तुझ्या बापाचा कधी झाला?"

 सिंधू मांडीवरच्या पेल्याकडे बघत राहिली. द्वारका उठली. तिच्या डोळ्यांपुढे ओसरीवरची माणसे आली, चुलतभाऊ आला, भटजी आले, वडिलांच्या हाताखालचे म्हातारे शिपाई आले. ते सगळे आपल्याकडे बघत आहेत आणि आपण तोंड उघडत आहोत.  तिने भिंतीला हात लावला.

"दहाला या," ती म्हणाली. "पानं मांडायच्या आधी."